चहा होईपर्यंत

आमच्या घरात घाई दोघांनाच. एक माझा नवरा बजरंग आणि दुसरी माझी लेक हर्षाली. मी लग्न होऊन तेरखेड्यात आले तेव्हापासून शोभेच्या दारूच्या वाती वळते, आणि वात वळणाऱ्या बाईला घाई परवडत नाही. घट्ट वळली तर मधेच विझते, सैल वळली तर भसकन जळून जाते. हे सगळं यांनाही कळतं. एकटे आभाळात फुटणारा गोळा बांधायला बसले की मांडीवरची माशीसुद्धा हाकलणार नाहीत. पण चार माणसं बघायला उभी राहिली की यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. न फुटलेला गोळा ज्यानं डागला त्यानंच उचलायचा, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत हातानं उचलायचा, ही यांच्या घराण्याची रीत. माझे सासरे तसंच करायचे. त्यांना कधी काही झालं नाही म्हणून ती रीत ठरली, एवढाच त्या रितीचा आधार. यांनी एका जत्रेत ती पाळली आणि बोटं तिथंच सोडून आले. आल्यावर मला म्हणाले, उजवा हात शाबूत हाय की. त्या दिवसापासून मी त्या उजव्या हाताकडे जितकं बघते तितकं तोंडाकडे बघत नाही.

हर्षालीची घाई वेगळी. ती धाराशिवला पॉलिटेक्निकला आहे. सोलापूरच्या एका मैत्रिणीकडून तिनं रिमोटवर चालणारा ट्रक जुनाच विकत घेतला. मांजराएवढा असेल, पण चाकं फुगीर, खाली स्प्रिंगा, दगडधोंड्यांतून उड्या मारत जातो. तिनं त्याला मोठा गिअर आणि जोराची बॅटरी लावून असा काही पळता केला होता की अंगणात गाडी दिसायचीच नाही, फक्त धूळ दिसायची. कॉलेजातल्या शर्यतीत पहिली आली. तेव्हापासून मी सांगत होते, बाई, जरा हळू. ती म्हणायची, हळूच चालवायची तर बैलगाडी काय वाईट आहे?

चैत्रात मुरुमकडच्या एका गावाची जत्रा कमिटी नमुना बघायला आली. शिवानंदअप्पा म्हणून म्हातारे पुढारी होते, त्यांच्याबरोबर आणखी दोघं. माल ठरवायच्या आधी एक मोठा गोळा डागून दाखवायचा असतो. दिवसा रंग दिसत नाहीत, पण गोळा किती वर जातो आणि आवाज कसा देतो ते कळतं. दुपार उतरायला लागली होती. यांनी रानात गोळा उडवायचा नळा पुरून ठेवलाच होता. सगळ्यांना बांधाच्या अलीकडे उभं केलं, वात पेटवली आणि पळत येऊन आमच्यात उभे राहिले.

गोळा छान वर गेला. इतका वर की अप्पांनी टोपी धरून मान मागं टाकली. आणि वर गेलेला तो गोळा तसाच, एक शब्द न बोलता, खाली आला. वाऱ्यानं थोडा सरकला, मुरमावर आपटला, दोन टप्पे घेतले आणि मालाच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसला.

त्या खोलीत दोन जत्रांचा तयार माल भरलेला होता. वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या नियमाप्रमाणं भरून ठेवल्या होत्या, पण त्या त्याच खोलीच्या दारात. थ्री फेजची लाईट रात्री येणार, म्हणून मोटार बंद आणि पाइप कोरडा. न फुटलेल्या गोळ्याच्या पोटात विस्तू राहिलाय की तो विझलाय, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. कधी तो गोळा वर्षभर पडून राहील, कधी जवळ जाणाऱ्या माणसाची वाट बघत असल्यासारखा वागेल. मी सरळ म्हणाले की सगळ्यांनी इथून लांब जाऊ, उद्यापर्यंत कुणी तिकडं फिरकायचं नाही, माल गेला तर जाऊ दे.

"माल जाऊ दे म्हनती," हे माझ्याकडं न बघता म्हणाले. "अन् नाव?"

शिवानंदअप्पा माणूस वाईट नाही. पण त्यांनी त्याच वेळी हसत हसत विचारलं, "काय बजरंगराव, गोळा रुसला जनू तुमच्यावर?" झालं. यांनी चपला काढल्या. दारूच्या जागेत अनवाणी जायचं हा नियम बरोबर पाळायचा, आणि जाऊच नये हा नियम मोडायचा, असा हा माणूस. मी यांची बाही धरली, ती यांनी सोडवून घेतली. चारचौघांत बायकोनं बाही धरलेली यांना आवडत नाही.

तेवढ्यात हर्षाली आडवी आली. म्हणाली, मी गाडीनं ढकलते. खोलीपासून थोड्या अंतरावर आमचा भिजवणीचा खड्डा आहे. वाया गेलेली दारू त्यात पाण्यात टाकून मारतो. तिथपर्यंत जागा सपाट आहे. गोळा ढकलत खड्ड्यात घालायचा, कुणी जवळ जायचं नाही. हे हसले. खेळण्यानं होणार होय हे, म्हणाले. पण अप्पांना त्या गाडीची गंमत वाटली. बघू तर खरं, म्हणाले. पाहुण्यांना बघायचंय म्हटल्यावर हे थांबले. ज्या हौसेपायी हे मरायला निघाले होते त्याच हौसेनं यांना अडवलं, तेव्हा मी कुणाला काय बोलणार?

तिनं बांबूच्या दोन कामट्या गाडीच्या पुढं सुतळीनं घट्ट बांधल्या, बैलाच्या शिंगांसारख्या पसरट, म्हणजे गोळा मधे धरता येईल. लोखंडानं ठिणगी उडते, ते लावायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. मग बांधाआड गुडघ्यावर बसून तिनं रिमोट हातात घेतला.

रिमोटला बंदुकीसारखा चाप असतो. तिनं तो हलका दाबला, गाडी हललीच नाही. अजून थोडा दाबला, गाडी जागच्या जागी किरकिरली. अजून केसभर दाबला आणि गाडी उधळली. मोठ्या गिअरची ती सवयच होती. एक तर उभी राहायची, नाहीतर सुटायची, मधलं काही तिला ठाऊक नव्हतं. हर्षालीनं चाप सोडला, पण तोवर शिंगं गोळ्यावर आदळली होती. गोळा भिंतीला घासून गरकन फिरला, वाळूच्या बादलीला लागला आणि मालाच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला.

आम्ही सगळे बांधाआड खाली झालो होतो. अप्पांचा श्वास मला ऐकू येत होता. काही झालं नाही. पण आधी गोळा भिंतीशी होता, आता तो थेट दारात होता, आणि दार फळ्यांचं. भिंतीनं थोडं तरी सोसलं असतं, त्या फळ्यांनी काय सोसणार?

हे उठून उभे राहिले. "झालं तुझं?" एवढंच म्हणाले. धक्के खात गाडी मागं आणत हर्षाली म्हणाली, "हिला हळू करते आबा. थोडा वेळ द्या."

किती वेळ, असं यांनी विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "चहा होईपर्यंत. पाव्हनं आल्यापास्नं उन्हात उभे हायेत, चहाबी न्हाय दिला आपण."

पाहुणा बिनचहाचा राहिला हे यांना न फुटलेल्या गोळ्याइतकंच लागतं. घर खोल्यांपासून बरंच लांब, रस्त्याच्या कडेला आहे. सगळे तिकडं आले. बाजेवर पाहुणे बसले, हे मात्र ओट्यावर टेकले, तोंड रानाकडं करून. रानात काढलेल्या चपला पायात घालायला विसरलेच होते.

मी आयुष्यात खूप चहा केला, पण तो चहा जसा लांबवला तसा कधी लांबवला नाही. सगळ्यांत मोठं पातेलं घेतलं. त्यात गरजेपेक्षा जास्त पाणी ओतलं. गॅस इतका बारीक केला की पाणी नुसतं कोमट होऊन बसलं. मग आलं सापडेना, समोरच्या डब्यात असून सापडेना. अप्पांना साखर चालत नाही असं त्यांनी सांगितल्यावर मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं.

स्वयंपाकघराच्या दारातच हर्षालीनं गाडी उलटी करून मांडीवर घेतली होती. माझा एक डोळा पातेल्यावर आणि एक तिच्या हातांवर. मोटरच्या टोकाला दात्यांचा एक गिअर असतो, तो काढून तिथं कमी दात्यांचा बसवायचा, म्हणजे मोटर कितीही फिरली तरी चाकं सावकाश फिरतात आणि जोर वाढतो, असं तिनं मला पुटपुटत सांगितलं. लहान गिअर गाडीबरोबरच आलेला होता, हिनंच त्याला कधी हात लावला नव्हता. जुना गिअर धरून ठेवणारा स्क्रू बाजरीच्या दाण्याएवढा. तो निघेना. तिनं किल्ली लावून पिळला, किल्ली घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिची बोटं घामानं ओली झाली होती. मी पदरानं तिची बोटं पुसली. ती मला म्हणाली, आई, तू चहाकडं बघ.

हे एकदा येऊन बघून गेले. पाणी अजून उकळलं नव्हतं. माझ्याकडं बघितलं, गॅसकडं बघितलं आणि पुन्हा ओट्यावर जाऊन टेकले. दुसऱ्यांदा आले तेव्हा स्क्रू निघाला होता आणि हर्षाली नवा गिअर बसवत होती. दोन गिअरच्या दात्यांत आमच्या गोळ्यांवर चढवतो त्या कागदाची पट्टी घालून तिनं मोटर आवळली, मग पट्टी ओढून काढली. तेवढी फट राहिली पाहिजे, नाहीतर दाते एकमेकांना खातात. हे उभं राहून ते बघत होते. गोळ्यावर कागद चढवताना यांचा हात जसा चालतो तसाच तिचा चालत होता, हे यांना दिसलं असेल की नाही मला ठाऊक नाही. मला दिसलं.

मग तिनं जोराची बॅटरी काढून कमी ताकदीची लावली. पूर्वी ती बॅटरी तिला लाजिरवाणी वाटायची, कुणाला दाखवायची नाही. चाकं घसरू नयेत म्हणून ट्रकच्या पुढच्या बाजूला दोन वजनदार पितळी नट सुतळीनं बांधले. अंगणात गाडी खाली ठेवली आणि देवापुढचा नारळ आणून तिच्या शिंगांत ठेवला. चाप दाबला. गाडी या वेळी किरकिरली नाही, निघाली. पण तिच्या मनासारखी नाही. नारळ शिंगांतून निसटून घरंगळला.

चहा उकळला. मी काय करणार? चहा उकळतोच शेवटी. कपात ओतला, अप्पांचा वेगळा दिला. पाहुणे फुंकर मारून सावकाश प्यायला लागले, त्यांना मी मनातून आशीर्वाद दिले. यांनी मात्र बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि कप पालथा घातला. मी अजून अर्धा कप विचारला.

"तारा, बास कर आता," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. आणि ते उठले.

हर्षाली रिमोटवर काहीतरी बटणं दाबत होती. चाप पूर्ण दाबला तरी गाडीला त्याचा थोडाच भाग पोचावा अशी हद्द तिनं घालून घेतली. नारळ पुन्हा लावला. या वेळी गाडी कोरड्या सरीत पाणी सरकतं तशी सरकली. नारळ शिंगांत राहिला आणि अंगणाच्या कडेपर्यंत गेला. ती उठली आणि यांच्या पुढं चालायला लागली. मीही पातेली तशीच टाकून निघाले. पाहुणे मागून आले, पण आता अप्पा गमतीचं काही बोलत नव्हते.

बांधाआड आम्ही बसलो. हे उभेच राहिले. मी यांच्या उजव्या बाजूला, मुद्दाम.

गाडी निघाली. पूर्वी तिचा आवाज कानाला चावायचा, आता नुसती बारीक घरघर. इतकी हळू की ती चालतेय का थांबलीय हे बघायला चाकांवरच्या मातीच्या ठिपक्याकडं बघावं लागत होतं. उंबऱ्याशी गेली, शिंगं गोळ्याच्या बाजूंनी सरकवली. तिथून गोळा बाहेर काढायचा म्हणजे आधी बाजूला वळवायचा, कारण मागं दार आणि पुढं बादल्या. हर्षालीनं एका शिंगानं त्याला हलकी ढुशी दिली, तो जरासा फिरला. गाडी मागं. पुन्हा दुसऱ्या शिंगानं ढुशी. पुन्हा मागं. मला ओरडावंसं वाटत होतं. माझ्यासारख्या सावकाश बाईलाही ते सोसवेना, मग यांचं काय होत असेल?

गोळा दारातून सुटला. भिंत मागं राहिली. बादल्या मागं पडल्या. मुरमावर तो सरळ गोल फिरत नव्हता. कागद एका बाजूला फाटून निघाला होता, दर वळशाला तिथं अडकायचा, मग ढकलल्यावर पुढं पडायचा. तो पडला की हर्षाली थांबायची. एक दगड आला, तिथं तो वाकडा होऊन शिंगाबाहेर निम्मा निघाला. तिनं गाडी पूर्ण थांबवली आणि मागं घेऊन पुन्हा मागून धरला. खोली लांब राहिली तशी अप्पांनी हात जोडले. माझं त्या खोलीकडं लक्ष नव्हतं. माल वाचला हे मला कळत होतं, पण मला माल नको होता.

खड्ड्याच्या तोंडाशी पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मातीचा उंचवटा केलेला आहे. गोळा त्यावर चढला आणि परत खाली आला. पुन्हा चढवला, पुन्हा आला, या वेळी गाडीच्या चाकाखाली शिरायला बघत होता. तिसऱ्यांदा तेच. आणि यांनी बांध ओलांडला.

"पायानं लोटतो नुसता," हे म्हणाले. "हात लावत न्हाय."

मी झेप घेऊन यांचा उजवा हात धरला. दोन्ही हातांनी धरला, पाहुण्यांदेखत. हे ओढायला लागले. हर्षालीनं मान वळवली नाही, नजर उंचवट्यावर ठेवूनच ती बोलली. पोरीचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"आबा, मी गोळ्याकडं बघू का तुमच्याकडं? दोन्हीकडं न्हाय बघता येत मला."

हे थांबले. मग बांधावर मागं आले, पण बसले नाहीत, आणि मी हात सोडला नाही.

तिनं गाडी जरा तिरकी लावली. चाकं उंचवट्याच्या मातीत रुतली आणि तरीही फिरत राहिली. लहान गिअरचा जोर तिथं कळला. गोळा चढला, माथ्यावर थांबला. ती चापावर फक्त बोट ठेवून होती. गाडी बोटभर सरकली. गोळा पलीकडं गेला. पाण्यात पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

पाहुण्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. हर्षालीनं रिमोट मांडीवर टेकवला. आणि हे म्हणाले, आता काढून बघतो, वात कुठं मेली ते कळलं पाहिजे. खरंच तसंच म्हणाले. गोळा बांधणाऱ्याला ती चुटपुट असतेच, मला ते समजतं. पण कागदाचे इतके थर असतात की पाणी पोटात पोचायला वेळ लागतो, हेही यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं. यांनी हात सोडवायला झटका दिला. चार माणसांत काय हे, सोड, म्हणाले. मी सोडला नाही. मी मनगटाला नखं लावली. यांनी माझ्याकडं रागानं बघितलं आणि दुसरा झटका द्यायला हात उचलला.

तेव्हा तो फुटला.

खड्ड्यातलं पाणी आणि चिखल झाडाएवढा वर गेला आणि आमच्या अंगावर पडला. कानात नुसती शिट्टी. मी डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघंही बांधाच्या मुळाशी मातीत बसलेलो होतो आणि अप्पा टोपीवरचा चिखल न झटकता तसेच उकिडवे होते. उंचवटा गेला होता. गाडी लांब पडली होती, शिंगं गेली, पुढचं एक चाक तर नंतरही सापडलं नाही. हर्षाली रिमोट मांडीवर घेऊन मोठ्यानं रडत होती. गाडीसाठी नव्हे, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी यांना मारलं. पाठीवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं दोन्ही मुठींनी मारलं आणि तोंडाला येईल ते बोलले, यांच्या रितीला, सासऱ्यांना, जत्रेला, सगळ्यांना बोलले. यांनी एकदाही हात वर केला नाही. माझं संपल्यावर म्हणाले, पाणी दे.

घरातून हर्षालीच धावत जाऊन तांब्या-पेला घेऊन आली. मी पेला भरून यांच्यापुढं धरला. यांनी उजव्या हातानं घेतला. हात इतका थरथरत होता की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. यांना त्याची लाज वाटली, दुसरा हात आधाराला आणायला लागले. मी तो खाली दाबला. सांडू दे म्हटलं. अर्धं पाणी मातीत गेलं तरी मी पेल्याला हात लावला नाही, त्याच्याभोवतीची पाचही बोटं बघत बसले.